अठरातली एक गल

अहो, पण वाऱ्याचं काय? चेंडूला नियम, काठीला नियम, पँटीला नियम, माणसाने खोकायचं कधी त्यालाही नियम, आणि वारा मात्र मोकाट! हा कुठला न्याय? तुम्हाला सांगतो राजेहो, जर्मनीच्या उत्तरेला समुद्रात सिल्ट नावाचं बेट आहे, तिथल्या एका नावाजलेल्या गोल्फच्या मैदानावर, जिथे भले भले पैसेवाले नंबर लावून बसतात, तिथे अठराच्या अठरा खेळून आलेला आपल्या मेहकर तालुक्यातला पहिला माणूस मी! तालुका कशाला, अख्खा बुलढाणा जिल्हा धरा!... हां, आता त्या अठरातली एकही जिंकता न आलेला पहिला माणूसही मीच, आणि व्याह्यांचे नवेकोरे चेंडू समुद्राला वाहिलेला पहिला माणूसही मीच, ते कशाला लपवू... पण मला अठरा नकोच होत्या हो! अठरातली एक! फक्त एक गल!

ए आत्माराम, हसू नको, चहा उतू जाईल.

गल म्हणजे तीच, आपण गोट्या खेळताना टाच फिरवून जमिनीत करायचो ती. गोल्फ म्हणजे तरी दुसरं काय हो? गोट्याच त्या! फक्त गोटी लिंबाएवढी, गल तांब्याच्या तोंडाएवढी, आणि एका गलीपासून दुसऱ्या गलीपर्यंत जायचं म्हणजे आपल्या स्टँडपासून तहसील कचेरीपर्यंत पायपीट. साहेब लोकांना वाकायचा कंटाळा म्हणून बोटांऐवजी काठी घेतली, एवढाच काय तो शोध. आणि त्यासाठी चौदा काठ्या! अहो, एवढ्या काठ्या तर आपल्याकडे सरपंचाच्या निवडणुकीलाही निघत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, दादाराव, जन्मभर काळी-पिवळी हाकली, सातवीच्या वर्गात दोनदा बसलात, तुम्हाला हा खेळ कुठून सुचला? सुचला नाही हो, गळ्यात पडला! आणि पडला तो तुमच्यामुळे! होय, तुमच्यामुळे, बोट दाखवून सांगतो!

आठवा. माझी उत्कर्षा जर्मनीत येनाला असते. तिथे चष्म्याच्या भिंगापासून दुर्बिणीपर्यंत सगळं बनतं म्हणे, आणि ही तिथे उजेडावर संशोधन करते. उजेडावर! इथे लाईट गेली की आपण डीपीकडे बघत बसतो आणि पोरगी तिकडे उजेड मोजते! तर तिचा फोन आला, 'पप्पा, मी आणि माल्टे लग्न करतोय.' माल्टे म्हणजे तिच्याच लॅबमधला पोरगा, उंच, गव्हाच्या लोंबीसारखे केस, आमच्या मंडळीने, द्रौपदीने, पहिल्याच दिवशी त्याचं मालतीराव करून टाकलं. मला तर आनंदच झाला! मी त्याच पावली इथे आलो, याच बाकावर बसलो, आणि सांगितलं, राजेहो, माझा व्याही जर्मन!

आणि तुम्ही काय म्हणालात? हा आत्माराम म्हणाला, 'दादाराव, मागे तुम्ही माझ्या विहिरीला रॉकेल लागलं म्हणून सांगितलंत, अर्धं गाव डबे घेऊन माझ्या दारात उभं होतं.' अरे, ती गंमत होती! 'आणि दुबईच्या शेखाच्या मांडीला मांडी लावून बसलेला तुमचा फोटो आला, तेव्हा तुम्ही लोणारला साडूकडे जेवत होता.' अरे, तीही गंमतच! पण ही गंमत नव्हती ना! जन्मात पहिल्यांदा माणूस खरं बोलतो आणि तुम्ही नुसत्या माना हलवता! मी मालतीरावाचा फोटो दाखवला तर म्हणे, 'चांगला जमलाय, कुठल्या स्टुडिओत केला?' मग मलाही चेव आला. म्हटलं, थांबा! व्याह्याला अंगासकट आणतो! फेटा बांधून, बँड लावून, या टपरीसमोर उभा करतो, आणि एकेकाने येऊन गाल चोळून बघा, रंग निघतो का ते!

बोलून बसलो. आता यात अडचण एकच. माझी पोरगी.

आम्ही दोघं जूनमध्ये तिकडे गेलो. पहिल्याच दिवशी जेवताना तिने सांगून टाकलं. तिची मराठी आता अशी झालीय बघा, 'आल्झो पप्पा, ऐका. आम्ही येनाच्या स्टांडेसआम्टमध्ये सह्या करणार. वीस मिनिटं, चौदा खुर्च्या. गेनाऊ.' आल्झो म्हणजे तर, गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर, आणि स्टांडेसआम्ट म्हणजे लग्न नोंदवायची सरकारी कचेरी. मी म्हटलं, पोरी, आपलं लग्न तरी किती वेळाचं असतं? त्रिसरण, पंचशील, हार, टाळ्या, आटपलं! तुझीही वीस मिनिटं, माझीही वीस मिनिटं! मग भांडण कशाचं? तर खुर्च्यांचं! तिच्या चौदा, माझ्या चौदाशे. तर ती म्हणते, 'पप्पा, भांडण खुर्च्यांचं नाही, तुमचं आहे. जीवनदादाच्या, तुमच्या पोटच्या पोराच्या लग्नात तुम्ही बँडवाल्यांना सांगितलंत, नवरदेव पळून गेला. ते वाजवायचं सोडून त्याला शोधायला गेले.' मी म्हटलं, गंमत होती. 'आणि दादा चौकात घोड्यावर एकटा! ट्रॅफिक पोलिसाने घोड्यासकट बाजूला घेतला त्याला!'

आता ही गोष्ट तुम्हालाही आठवली वाटतं. हसा, हसा. माझ्या पोरीला मात्र हसू येत नव्हतं.

तर आम्ही व्याह्यांकडे गेलो. ते उत्तरेला, समुद्राच्या काठाला राहतात. हेर पेटरसन. हेर म्हणजे श्रीयुत. नाव हेनिंग, आणि माझी पोरगी सासऱ्याला तोंडावर 'हेनिंग' म्हणते! द्रौपदीने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिच्या हातातली बशी कलली. आणि व्याही कसा? दगड! बोलणं म्हणाल तर एकच शब्द, 'मोइन', म्हणजे तिकडचा नमस्कार. सकाळी मोइन, दुपारी मोइन, झोपायला जाताना मोइन. मी म्हटलं, हा माणूस आहे की दाराची घंटा? नंतर कळलं, जन्मभर ड्रायव्हिंग लायसन्सची परीक्षा घ्यायचे. शेजारच्या सीटवर बसायचं, गप्प राहायचं आणि नापास करायचं! आणि मी कोण? एजंटाकडून लायसन्स घेऊन चाळीस वर्षं काळी-पिवळी हाकलेला! नियतीचे पण काय काय खेळ... त्यांनी विचारलं, गाडीत किती माणसं बसायची? मी म्हटलं, नऊ. तर माझ्याच पोरीने जर्मनमध्ये खरा आकडा सांगितला. टपावरचे धरून! व्याह्यांनी काटा खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं, आणि तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मी नापास झालो. मला दिसलं ते.

त्यांच्या घरात भिंतभर गोल्फचे फोटो. मी सहज म्हटलं, हे काय, या तर गोट्या! गोट्यांत अख्ख्या मेहकरात मला कोणी हरवलेलं नाही, हे मी बसल्या बैठकीला जिंकीन. झालं! उत्कर्षाने तिथेच पकडलं. 'ठीक आहे पप्पा. सिल्टला चला. हेनिंगबरोबर अठरा होल खेळायचे. अठरातलं एक जिंकून दाखवा. जिंकलात तर लग्न मेहकरला, चौदाशे खुर्च्या, हेनिंग फेटा बांधून येणार. नाही जिंकलात तर चौदा खुर्च्या आणि तुमच्या गमती बंद.' मग तिने सासऱ्याला विचारलं. ते रस्ता ओलांडायच्या आधी बघावं तसं डावीकडे बघून, उजवीकडे बघून, परत डावीकडे बघून म्हणाले, 'या.' या म्हणजे हो. म्हटलं, ठरलं! अठरातली एक! अहो, आंधळा जरी काठी फिरवत बसला तरी अठरातली एक त्याला लागेल!

पण जर्मनीत असं लगेच उठून खेळता येत नाही. आधी परीक्षा! प्लाट्झराइफे म्हणतात तिला. मैदानाच्या गवतावर पाय ठेवायला हा माणूस लायक आहे का, याची परीक्षा! मारून दाखवायचं, शिवाय पेपर! मी सातवीला गांगरलेला माणूस, या वयात माझा पेपर! उत्कर्षाने रात्रभर... नाही, रात्रभर नाही, दुपारभर मला शिकवलं, माझ्या डोक्यात काही शिरेना. पण पेपर हातात आला आणि मला युक्ती कळली. प्रश्न कुठलाही असो, ज्या उत्तरात 'करू नये' लिहिलंय तिथे फुली मारायची. दुसरा मारत असताना बोलावं का? करू नये. सावली पाडावी का? करू नये. वाळू विस्कटून तशीच सोडावी का? करू नये. पास! पहिल्या फटक्यात पास! आयुष्यातलं पहिलं सर्टिफिकेट, तेही जर्मन भाषेत! द्रौपदी म्हणाली, 'फ्रेम करून लावू या, पण खाली मराठीत लिहू नका कशाचं आहे ते.'

आणि मग तो दिवस. त्या बेटावर जायला रस्ता नाही हो, समुद्रातून बांध घातलाय, त्यावरून रेल्वे, आणि मोटारी रेल्वेवर चढवून नेतात, माणसं आपापल्या गाडीत बसलेली आणि गाड्या आगगाडीवर बसलेल्या! मला ते फार आवडलं. म्हटलं, ही खरी काळी-पिवळी! टपावर अख्ख्या मोटारी! व्याह्यांना सांगितलं तर म्हणाले, 'मोइन.'

मैदान बघितलं आणि माझा जीवच गेला. झाड नाही! एक झाड नाही! वाळूच्या टेकड्या, त्यावर खुरटं गवत, खाली समुद्र, आणि वारा असा की आपण तोंड उघडलं तर शब्द मागच्या माणसाला ऐकू जावा. जून महिना, आणि द्रौपदीने मला माकडटोपी घातलेली! कॉलरचा शर्ट पाहिजे हा नियम, माकडटोपीचा नियम कोणी केलेला नव्हता, म्हणून मी आत जाऊ शकलो. ती स्वतः नऊवारी... नाही, पाचवारीच, पण वर लाल जाकीट, खाली बूट, हातात डबा. जावई येनालाच राहिले होते, त्यांच्या लेझरला सुट्टी नसते म्हणे. म्हणजे आम्ही चौघं. दोघं खेळणारे, पोरगी पंच, आणि द्रौपदी... द्रौपदी म्हणजे काय सांगू?

गाडीतून उतरल्यापासून तिचं चालू. 'अहो, लक्षात ठेवा, ते व्याही आहेत. मुलीचे आईबाप आहोत आपण. त्यांच्या पुढे चालू नका. त्यांचं सामान उचला. त्यांना वाकू देऊ नका.' मी म्हटलं, अगं, आपल्यात मानपान नसतं! आपण ते सगळं सोडलंय! तर म्हणते, 'धर्म बदलला हो, सासर कुठे बदललं?'

पहिल्या गलीपाशीच घोटाळा. आधी कोणी मारायचं? व्याही हात पुढे करून म्हणतात, 'बिट्टे.' म्हणजे घ्या. मी मुलीचा बाप, मी कसा आधी मारू? मी म्हटलं, 'बिट्टे, बिट्टे.' ते म्हणतात, 'नाइन, बिट्टे.' नाइन म्हणजे नाही. मी म्हटलं, व्याही, शपथ आहे माझी, आधी तुम्ही! मागे लोक खोळंबले. एक बाई काठी टेकून अशा बघत होत्या, की जणू आम्ही त्यांच्या अंगणात गाडी लावलीय. शेवटी उत्कर्षा ओरडली, 'पप्पा, मारा!' मारला. तुम्हाला सांगतो, असा मारला, असा मारला की चेंडू वर गेला, वर जाऊन त्याने थोडा विचार केला, आणि माझ्या मागे येऊन पडला. वारा! त्या बाईंच्या पायाशी. त्या म्हणाल्या, 'ओह.' त्या 'ओह'मध्ये सातवीतले माझे सगळे मास्तर होते.

व्याही उभे राहिले, वाऱ्याकडे नाक केलं, आणि टक्. चेंडू खालून खालून, सापासारखा. त्यांच्या दोन-चार फटक्यांत गल. माझे मोजायचे पोरीने सोडून दिले. म्हटलं, हरकत नाही. सतरा राहिल्या. अठरातली एक पाहिजे, फक्त एक गल!

आणि मग मी काय करायचो, व्याह्यांचा चेंडू गलीत पडला की धावत जायचो, वाकायचो, चेंडू काढायचा, पँटीला पुसायचा, आणि दोन्ही हातांनी त्यांना द्यायचा. 'बिट्टे.' का? तर टेकडीवर लाल जाकीट! तिकडून द्रौपदी मान हलवायची, बरोबर आहे म्हणून. व्याही पहिल्यांदा दचकले. दुसऱ्यांदा म्हणाले, 'डांके', म्हणजे आभारी आहे. मग सवय झाली, त्यांनाही आणि मलाही.

दुसरी गल हरलो, तिसरी हरलो. चौथीला माझा चेंडू हिरव्या टोप्यांच्या खुंट्यांपलीकडे गेला. मी निघालो आणायला तर पोरगी किंचाळली, 'पप्पा! बिओटोप! आत पाय टाकायचा नाही!' का? तर तिथे पक्षी घरटी करतात. चेंडू डोळ्यांना दिसतोय, दोन हातांवर, आणि जायचं नाही! पक्षिणीने माझ्याकडे पाहिलं, चेंडूकडे पाहिलं, आणि तुम्हाला सांगतो, ती त्याच्यावर बसली. बसली हो! घ्या! माझा चेंडू तिने पदरात घेतला! ...नाही, हे मी जोडलं. बसली नाही. पण बघितलं, शपथेवर सांगतो, बघितलं.

मग मी म्हटलं, सरळ मार्गाने हे व्हायचं नाही. आता दादाराव दाखवतो. व्याही मारायला उभे राहिले की मी खोकायचो. ढिम्म नाही! अहो, ज्या माणसाने अख्खा जन्म शिकाऊ ड्रायव्हरच्या शेजारी बसून काढला, तो माझ्या खोकल्याला भिणार? मी शिंकलो, मी मोबाईलवर कोंबडा आरवायला लावला, मी वाऱ्यात माकडटोपी सोडली ती त्यांच्या पायात गेली, त्यांनी ती उचलून घडी करून मला दिली आणि टक्! सहावी गेली, सातवी गेली, आठवी गेली.

नववीला द्रौपदीने डबा उघडला. भाकरी, ठेचा, उकडलेली अंडी. माझ्या डोळ्यांपुढे वीज चमकली. व्याही पाणी प्यायला वळले आणि मी त्यांचा चेंडू खिशात टाकला, पहिल्या फटक्याला चेंडू ठेवतात त्या लाकडी खुंटीवर सोललेलं अंडं ठेवलं, छोटंसं, गावठी कोंबडीचं असावं तसं. लांबून कळत नव्हतं हो, खरंच कळत नव्हतं! व्याही आले, पाय रोवले, वाऱ्याकडे नाक, आणि फाट्! पिवळं! सगळीकडे पिवळं! काठीला, शर्टाला, भुवईवर! उत्कर्षाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी मनात म्हटलं, आता हा माणूस चिडणार, चिडला की चुकणार, आणि गल आपली! आणि व्याह्यांनी काय करावं? भुवईवरचं बोटाने काढलं, चाखलं, खिशातून नियमांचं छोटं पुस्तक काढलं, पानं उलटली, आणि पोरीला काहीतरी सांगितलं. तिने मला मराठीत सांगितलं, 'पप्पा, हेनिंग म्हणतोय, अंड्याबद्दल नियम नाही, म्हणून हा फटका धरला जाणार नाही. आणि मीठ कमी आहे.'

राजेहो, चाळीस वर्षं मी गावाची मजा घेतली, पण असा माणूस पाहिला नाही. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हा व्याही काहीही करून मेहकरला नेलाच पाहिजे! हा या बाकावर बसला तर तुमची सगळ्यांची तोंडं बंद होतील! आता नुसती पैज नव्हती, आता मला तो माणूसच हवा होता. पण गल पाहिजे ना! अठरातली एक!

दहा, अकरा, बारा... किती सांगू? एकदा माझा चेंडू सशाच्या बिळात गेला. एकदा समुद्रात. परत एकदा समुद्रात. व्याही दर वेळी खिशातून नवा काढून द्यायचे, न बोलता, आणि मी त्यांचा गलीतला काढून द्यायचो, पुसून, दोन्ही हातांनी. सतरा गली हरलो. सतरा! द्रौपदी म्हणाली, 'चांगलं खेळताय हो तुम्ही, व्याह्यांना अजिबात त्रास नाही.'

आणि मग अठरावी. आता ऐका. आत्माराम, गॅस बंद कर, ऐक.

अठरावीला तोंड फिरलं. म्हणजे दिवसभर वारा समोरून खाल्ला, आणि ही शेवटची गल क्लबच्या घराकडे जाणारी, म्हणजे वारा पाठीमागून! मी मारला, वारा म्हणाला, चल दादाराव, बस माझ्या गाडीत! चेंडू जो सुटला तो सुटलाच! आणि व्याह्यांचं गणित मात्र चुकलं. वारा पाठीचा झाला, त्यांचा दुसरा फटका जास्त लांब गेला, आणि थेट वाळूच्या खड्ड्यात. खड्डा कसला, विहीरच ती! भिंती उभ्या, माणूस आत उतरला की नुसती टोपी दिसते. त्यांची टोपी आत गेली. मग आतून आवाज, फस्स! वाळू वर आली, चेंडू नाही आला. भिंतीला लागून परत त्यांच्या पायाशी! आणि आतून हाक आली, 'ड्राय!' म्हणजे तीन. फस्स! 'फिअर!' चार. बघा हो, आत कोणी नाही, कोणाला दिसत नाही, माणूस दोन फटके खाऊन टाकू शकतो, मी तर चार खाल्ले असते! पण हा मारतो आणि स्वतःच ओरडून आपलं पाप सांगतो! फस्स! 'फ्युन्फ!' फस्स! 'झेक्स!' मला आनंदाने नाचावंसं वाटत होतं, माझ्या कानात बँड वाजायला लागला होता. फस्स! 'झीबेन!'

तोवर मी कसाबसा धक्के देत देत चेंडू गलीजवळ आणला होता. आठ झाले होते माझे, या गलीला पोरगी परत मोजत होती. मी बसलो, एक डोळा मिटला, गोट्या खेळताना बसायचो तसाच, उठलो, हळूच टोला... आणि टुण्णकन आत! नऊ! मेहकरच्या दादारावाने सिल्टच्या बेटावर गल घेतली! क्लबच्या घरासमोर केक खात बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या पहिल्या बाईंनीसुद्धा!

आणि तेवढ्यात 'आख्ट!' विहिरीतून चेंडू उडाला, गवतावर पडला, घरंगळला, घरंगळला, आणि गलीपासून दोन विती अलीकडे थांबला. आता हिशेब सोपा. व्याह्यांचे आठ. हा दोन वितींचा आत गेला तर नऊ, म्हणजे बरोबरी, म्हणजे मी जिंकलो नाही. हुकला तर गल माझी! चौदाशे खुर्च्या माझ्या! फेटा, बँड, तुम्ही, ही टपरी, सगळं त्या दोन वितींवर!

व्याही विहिरीतून वर आले. भुवयांत वाळू, कानांत वाळू, श्वास चढलेला, एक हात कमरेवर. म्हातारा माणूस हो, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. ते चेंडूजवळ आले. त्यांच्याकडे पद्धत अशी की चेंडूच्या मागे एक नाणं ठेवायचं, चेंडू उचलून पुसायचा, परत तिथेच ठेवायचा आणि मग मारायचा. तेवढ्यासाठी ते वाकायला लागले. कंबर वाकेना. चेहरा वाकडा झाला. हात थरथरत खाली, खाली, चेंडूकडे...

आणि टेकडीवरून आवाज आला, 'अहो!'

एवढंच. 'अहो!' तुम्ही लग्न झालेले आहात सगळे, तुम्हाला काय सांगू? त्या एका 'अहो'मध्ये सगळं असतं. व्याही वाकतायत! मुलीचा बाप उभा राहून बघतोय! माझे पाय माझे राहिले नाहीत, राजेहो! मी धावलो, व्याह्यांना दंडाला धरून उभं केलं, चेंडू उचलला, पँटीला पुसला, आणि दोन्ही हातांनी, मान लववून...

'बिट्टे!'

व्याह्यांनी चेंडूकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. केक खाणाऱ्यांचे काटे हवेत थांबले. आणि उत्कर्षा हळू आवाजात म्हणाली, 'पप्पा... समोरच्याचा चेंडू उचलून हातात दिला, म्हणजे आत गेला असं धरतात. तुम्ही त्याला तो फटका भेट दिलात. नऊ-नऊ. बरोबरी.'

भेट दिला! आहेर केला मी! जिंकलेल्या गलीचा आहेर केला! मी म्हटलं, थांबा, थांबा, पोरी, यांना विचार, यांनाच विचार, हे खोटं बोलत नाहीत! तो चेंडू आत गेला असता का? तिने विचारलं. आणि तो दगड, तो मोइनवाला माणूस, दिवसभरात पहिल्यांदा लांबलचक बोलला. उत्कर्षा सांगत गेली, 'हेनिंग म्हणतोय, नाही. म्हणतोय, गेली काही वर्षं छोट्या फटक्याला माझा हात थरथरतो. खड्ड्यातून आल्यावर तर हमखास. म्हणतोय, मी चुकलो असतो. म्हणतोय, घरी फेटा कसा बांधतात त्याचा व्हिडिओ मी दोनदा पाहून ठेवला होता.'

मी म्हटलं, ऐकलंस ना? ऐकलंस ना पोरी? तर ती डोळे पुसत होती, हसून की कशाने ते कळेना, आणि मान हलवून म्हणाली, 'पप्पा, नियम म्हणजे नियम. चौदा खुर्च्या.' आणि व्याही माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, 'गेनाऊ.' चौदा, राजेहो! त्यातल्या दोन फोटोवाल्याच्या!

मी मटकन तिथेच बसलो, त्या मऊ गवतावर, जिथे बसू नये असं मी स्वतः फुली मारून आलो होतो. द्रौपदी टेकडी उतरून आली, डबा काखेत, आणि मी म्हटलं, झालं तुझं समाधान? राखला मान व्याह्यांचा? आता मी मेहकरात तोंड कसं दाखवू? त्या आत्मारामच्या टपरीवर जाऊन काय सांगू, की माझा व्याही जर्मन आहे, मी त्याच्याशी समुद्राकाठी गोट्या खेळलो, जिंकत आलो होतो, आणि जिंकलेली गल या दोन हातांनी उचलून त्याला देऊन आलो? सांग ना, काय सांगू मी लोकांना?

तिने माझी माकडटोपी वाळू झटकून माझ्या डोक्यावर नीट बसवली आणि म्हणाली, 'झालं ते सगळं खरं खरं सांगून टाका की! नाहीतरी कोणाला पटणार आहे?'